माहेरचं टोक

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या स्वामीछाया सोसायटीच्या सभागृहात कोणी कुठे बसायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तो नियम कधी कोणी मोडत नव्हतं. स्टेजजवळच्या दोन रांगा गादीच्या खुर्च्यांच्या. तिथे ए आणि बी विंगचे फ्लॅटमालक बसायचे, म्हणजे पुण्या-मुंबई-नाशकाहून येऊन इथल्या कारखान्यांत मॅनेजर आणि इंजिनिअर झालेली मंडळी. त्यांच्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या सी विंगच्या भाडेकरूंच्या. आणि अगदी शेवटची रांग, सोसायटीच्या ऑफिसच्या केबिनला पाठ लावून, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही तिथे. त्या रांगेत सरिता माळी गेली सात वर्षं बसत होती आणि तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

सरिता शहादा तालुक्यातली. नवरा सुकदेव मसाटच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवायच्या कामावर, आणि ती तिथेच दोन गल्ल्या पलीकडे केबलच्या कारखान्यात. टीव्हीला लागणाऱ्या लांब एचडीएमआय केबली तिथे तयार होत. आठ नंबरच्या टेबलावर बसून सरिता केबलच्या दोन टोकांना दोन लेबलं चिकटवायची. एकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, आणि दोन्हींवर चित्र कुठे जायचं ते दाखवणारा बाण. दिवसाला पाचशे केबली. काम सोपं वाटतं, पण लेबल चुकलं तर केबल फुकट गेली, म्हणून त्या टेबलावर नवीन बाईला बसवत नसत.

हे काम तिला चिमाबाईंनी शिकवलं होतं. चिमाबाई त्या लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या बाई, साठीला टेकलेल्या, सी विंगमध्येच तळमजल्याला राहणाऱ्या. शाळा चौथीपर्यंत, पण टीव्हीच्या धंद्यातला एकही शब्द त्यांना अडवू शकत नव्हता. शब्द इंग्रजी असला म्हणून बिचकायचं नाही, तो काम काय करतो तेवढं विचारायचं, अशी त्यांची रीत. रिझोल्यूशन म्हणजे चित्रात ठिपके किती. रिफ्रेश रेट म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं. एआरसी म्हणजे टीव्हीचं ते भोक, जिथून आवाज उलट पावली स्पीकरकडे जातो. आणि सोर्स, डिस्प्ले? तर सोर्स म्हणजे माहेर आणि डिस्प्ले म्हणजे सासर. चित्र माहेराहून निघतं आणि सासरी पोचतं. साधी तांब्याची केबल असली तर तिला कुठलंही टोक कुठेही चालतं, पण ही लांब पल्ल्याची, आत काचेच्या तंतूची. हिच्यातून चित्र एकदा नांदायला निघालं की माघारी फिरत नाही. टोकं उलटी लावा, पडद्यावर काळोख. नवीन मुली हे ऐकून हसायच्या, पण एकदा ऐकलं की जन्मात विसरायच्या नाहीत.

सरिताला एकच लेक, जुई. ही पोरगी घरात पाण्याची बादली उचलायला सांगितली की दहा कारणं सांगणार, आणि मैदानात उतरली की वारा पिऊन धावणार. सहा वर्षं खो-खो खेळत होती. तालुका झाला, जिल्हा झाला, आता दादरा नगर हवेली आणि दमण दीवच्या सतरा वर्षांखालच्या संघाची कप्तान झाली होती. पण सरितानं तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सामना असेल त्या दिवशी नेमकी शिफ्ट असायची. जुई घरी यायची, ढोपरं खरवडलेली, हातात कप किंवा प्रमाणपत्र, आणि सरिता तिच्या ढोपरांना हळद लावत विचारायची, काय झालं सांग. जुई दोन वाक्यांत सांगून झोपून जायची. आईला ते आत कुठेतरी खुपत होतं, फार खुपत होतं.

आणि आता राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी होती, तिकडे लांब आसामात, आणि ती खेळाच्या चॅनेलवर थेट दाखवणार होते. रविवारी दुपारी चार वाजता. रविवारी सरिताला सुट्टी. निघताना जुई एवढंच म्हणाली होती, “आई, या वेळी बघशील ना?” आणि सरितानं देवाची शपथ घ्यावी तसं हो म्हटलं होतं.

घरातला टीव्ही गेल्या पावसाळ्यात विजेनं गेला तो गेलाच. पण सोसायटीनं सभागृहासाठी नुकताच पासष्ट इंची टीव्ही घेतला होता. सेक्रेटरी हृषीकेश साहेबांनी जाहीर केलं की टीव्हीचं उद्‌घाटन जुईच्या सामन्यानंच करायचं. सरिताला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आता हृषीकेश साहेबांविषयी दोन शब्द बोलायला हवेत. माणूस मनानं वाईट नव्हता. पुण्याचे, गलोंड्याच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, सोसायटीसाठी रात्रंदिवस राबणारे. पण त्यांना सगळंच येत होतं, हा त्यांचा दोष. टीव्ही स्टेजवर आणि डिश अँटेनाचा डबा मागच्या केबिनमध्ये, मध्ये वीस मीटर अंतर. एवढ्या लांब साधी केबल चालणार नाही, काचेच्या तंतूची घ्या, असं बैठकीत सरितानंच शेवटच्या रांगेतून सुचवलं होतं. इतिवृत्तात मात्र ती सूचना सेक्रेटरींच्या नावावर चढली. केबल आली तीही सरिताच्याच कारखान्यातली. बाण बघून टाका हो साहेब, असं तिनं जिन्यात भेटून सांगितलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले होते की अठरा वर्षं प्लान्ट चालवतोय, एक वायर टाकता येईल मला.

त्यांनी स्वतः उभं राहून केबल भिंतीच्या आतल्या पाइपातून ओढून घेतली. रंगारी यायचा होता म्हणून दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळली, फक्त पुढची पिन मोकळी ठेवली. वरून प्लास्टर, वरून रंग. काम असं देखणं झालं की वायर कुठून जाते ते शोधून सापडू नये. दुकानातला माणूस येऊन टीव्ही भिंतीवर टांगून गेला, त्यानं पेनड्राइव्ह लावून मोर नाचताना दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केबल लावून बघायचं मात्र कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी साडेतीनलाच सभागृह भरलं. पुढे गाद्यांवर मालक मंडळी, मागे सी विंग, आणि सरिताच्या लाइनवरच्या वीसेक बाया खास रिक्षा करून आलेल्या. सरितानं ठेवणीतलं लुगडं नेसावं तशी लग्नातली साडी काढली होती. सुकदेव इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी. पावणेचारला हृषीकेश साहेबांनी नारळ फोडला, रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

पडदा निळा झाला. मधोमध दोन शब्द आले: नो सिग्नल.

साहेबांनी रिमोटवरून एचडीएमआय एक लावलं, दोन लावलं, तीन लावलं. रिझोल्यूशन कमी करून पाहिलं. टीव्ही बंद करून चालू केला, मग डबा बंद करून चालू केला. दर वेळी तेच दोन शब्द. पुढच्या रांगेतून सल्ले यायला लागले. एक म्हणाला रिफ्रेश रेटचा लोचा आहे, दुसरा म्हणाला सॉफ्टवेअर अपडेट मारा. ज्याला त्या शब्दाचा अर्थ कमी माहीत, त्याचा आवाज जास्त. कोणी मोबाइलवर सामना लावायला गेलं तर तिथे नुसतंच चक्र गरगरत राहिलं. दुकानातल्या माणसाला फोन केला, तो म्हणाला पॅनेल गेलं असणार, सोमवारी येतो.

चार वाजून पाच मिनिटं झाली. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते माइकवर आले आणि म्हणाले की बहुतेक केबलच खराब निघाली आहे, आपल्याच सी विंगच्या आग्रहावरून त्या कारखान्यातली घेतली होती, त्याला आता इलाज नाही, कार्यक्रम रद्द करावा लागेल. सूचना त्यांच्या नावावर गेली होती, खापर मात्र बिनचूक मूळ मालकिणीकडे परत आलं.

लोक उठायला लागले. सरिताच्या लाइनवरच्या बायांनी माना खाली घातल्या, कारण केबल त्यांच्याही हातची होती. सुकदेव म्हणाला, चल घरी, पोरगी फोनवर सांगेल काय झालं ते. आणि सरिताला एकदम रडू फुटलं. सहा वर्षं तेच ऐकत आली होती ती, पोरगी सांगेल काय झालं ते. तिनं पदरानं डोळे पुसले. मग तिला राग आला, आणि राग आला तेव्हा डोकं चालायला लागलं.

ती उठली आणि पाठीमागच्या केबिनमध्ये शिरली. तिथे दाराशीच टेबलावर डिशचा डबा होता, शेजारी आरतीला आणि नवरात्रात गरब्याला लावायचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प्लिफायरला दोन वायरी लोंबत होत्या, एक लाल, एक पांढरी. डब्याच्या पाठीमागे तीन भोकं होती, पिवळं, लाल आणि पांढरं. पिवळं चित्राचं, ही दोन आवाजाची, एवढं तर लाइनवरची झाडूवाली सांगेल. सरितानं लाल लालमध्ये घातली, पांढरी पांढऱ्यात, आणि बटण फिरवलं.

सगळं सभागृह गर्जना करायला लागलं. प्रेक्षकांचा आरडाओरडा, शिट्ट्या, आणि त्यातून निवेदकाचा आवाज: आता महाराष्ट्राच्या विरोधात मैदानात उतरत आहे कप्तान, सात नंबर, जुई सुकदेव माळी.

दारापर्यंत गेलेले लोक थबकले. पुढे पडदा निळाच, नो सिग्नल.

आता सरिताला हिशेब लागला होता. डबा बोलतोय, म्हणजे डबा जिवंत. टीव्हीवर परवा मोर नाचला, म्हणजे टीव्ही जिवंत. उरली ती केबल, आणि ती केबल तिच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय बाहेर पडलेली नाही. डब्याला लावलेलं टोक तिनं उपसलं आणि नखानं काळी टेप सोलायला सुरुवात केली. टेपच्या खाली तिच्याच हातचं लेबल निघालं, कोपऱ्यात आठ नंबरचा बारीक शिक्का. लेबलावर लिहिलं होतं ‘डिस्प्ले’.

हृषीकेश साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांच्यामागे चिमाबाई.

“केबल खराब नाही साहेब,” सरिता म्हणाली. “उलटी टाकेल आहे. हे सासरचं टोक, ते टीव्हीला पाहिजे होतं. माहेरचं टोक तिकडे टीव्हीत खुपसेल आहे. चित्र जाईल कुठून?”

साहेबांनी टोक हातात घेतलं. लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर दुसरं काही निघेल. माणूस हट्टी असला तरी इंजिनिअर होता, आणि समोरची गोष्ट नाकारणं इंजिनिअरला जमत नाही. ते हळू आवाजात म्हणाले की टेप मीच लावली होती. मग म्हणाले की आता केबल फिरवायची तर प्लास्टर फोडावं लागेल, दोन दिवस जातील. कोणीतरी सुचवलं की डबाच स्टेजवर न्या. पण गच्चीवरून येणारी डिशची वायर केबिनच्या खिडकीतून जेमतेम टेबलापर्यंत पोचत होती, ती स्टेजपर्यंत कुठून जाणार.

स्पीकरवर शिट्टी वाजली. पहिली पाळी सुरू झाली होती.

“भिंत कशाला फोडता?” सरिता म्हणाली. “डबा तिकडे जात नसेल तर टीव्ही इकडे आणा. डब्याच्या खोक्यात हातभर केबल असते, ती लावू. आणि लोकांना सांगा, खुर्च्या फिरवा.”

डब्याबरोबर आलेली ती फुकटातली केबल साहेबांनी तुच्छतेनं कपाटात टाकून दिली होती. चिमाबाईंनी ती शोधून काढली. पण तेवढ्यात खुर्च्या फिरवायच्या म्हणजे काय ते पुढच्या रांगेच्या लक्षात आलं. बी विंगचे जयवंतराव, रिटायर्ड मॅनेजर, गादीच्या खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले, “म्हणजे आम्ही सगळ्यांच्या मागे बसायचं?”

“आम्ही सात वर्षं बसलो दादा,” चिमाबाई म्हणाल्या. “काही होत नाही.”

सभागृहात हशा पिकला, आणि खरं सांगायचं तर पहिला हसला तो जयवंतरावांचाच नातू. हृषीकेश साहेबांनी माइक घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज स्पष्ट होता. ते म्हणाले, “केबल उत्तम आहे. मी ती उलटी घातली. सरिताताईंनी मला बाण बघायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. सगळ्यांनी खुर्च्या फिरवा.”

मग जो गोंधळ उडाला तो बघण्यासारखा होता. दीडशे खुर्च्या एकदम करकरल्या. सुकदेव आणि वॉचमन बारकू स्टेजवर चढले, रोज टेम्पोत पोती चढवणारा सुकदेव, त्यानं टीव्ही भिंतीवरून असा अलगद उचलला की जणू बाळाला पाळण्यातून काढावं. डोक्यावरून पार मागे आणला. शेवटच्या रांगेच्या खुर्च्या थोड्या पुढे सरकवून केबिनच्या दाराला लागून दोन टेबलं जोडली. तिथे कळलं की टीव्हीचे पाय खोक्यासकट भंगारवाल्याला गेले आहेत, आता टीव्ही उभा कशावर राहणार?  मग हृषीकेश साहेबांनी बाह्या सरसावल्या, टेबलामागे गेले आणि टीव्ही पाठीमागून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. दुसरी बाजू बारकूनं धरली. साहेब म्हणाले, लाव ताई केबल.

सरितानं केबल लावली. एक टोक डब्यात, एक टीव्हीत.

हिरवं मैदान उजळलं. पांढऱ्या रेषा, दोन खांब, आणि सात नंबरची निळी बनियन घातलेली एक काटकुळी पोरगी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. सरिताला आधी ओळखूच आली नाही. मग ओळखली. ती होती तिथेच, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर मटकन बसली.

पहिला डाव संपून दुसरा सुरू झाला होता, आणि महाराष्ट्र चार गुणांनी पुढे होता. मालक मंडळींची मोठी पंचाईत झाली. गाव पुणे-नाशिक, आणि पोटापाण्याचं सिल्वासा, टाळी कोणासाठी वाजवायची? पहिली पाच मिनिटं ते सावधपणे दोन्हीकडे वाजवत होते. पण जुई पळायला उतरली, एकीला हूल दिली, दुसरीच्या हातातून निसटली, अडीच मिनिटं नऊ जणींना झुलवत ठेवलं, तेव्हा जयवंतराव खुर्चीवर उभे राहून ओरडायला लागले की आपल्या सोसायटीची पोरगी आहे ती. सी विंगची असं मात्र ते म्हणाले नाहीत.

सरिता बघत होती. आपली पोर असं पळते हे तिला माहीतच नव्हतं. सहा वर्षं फक्त ढोपरं पाहिली होती, ती कशानं फुटतात ते आज दिसत होतं. 

टीव्हीमागून हृषीकेश साहेब दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते की काय झालं. त्यांना बिचाऱ्यांना पडद्याची नुसती पाठ दिसत होती. त्यांनी एकदा मान वाकडी करून डोकावायचा प्रयत्न केला, तर टीव्ही हलला आणि दीडशे माणसं त्यांच्या अंगावर खेकसली. सोसायटीच्या इतिहासात सेक्रेटरीला कोणी असं बोललं नव्हतं. मग चिमाबाई टेबलाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना एकेक खो सांगायला लागल्या.

शेवटची पाळी. आक्रमण आपलं. गुण वाढत गेले, वाढत गेले आणि बरोबरीत येऊन थांबले. वीस सेकंद उरले होते आणि समोर महाराष्ट्राची एकच पोरगी, मासोळीसारखी निसटणारी. पंधरा सेकंद. आपली एक खेळाडू तिच्या मागे धावली, दमली, आणि तिनं बसलेल्या जुईच्या पाठीवर थाप मारून खो दिला. जुई उठली. दहा सेकंद. पुढची पोरगी खांबाला वळसा घालायला गेली आणि जुईनं पूर्ण अंग हवेत झोकून सूर मारला. ती खांबाजवळ जमिनीवर आपटली, धूळ उडाली, काही दिसेना.

“काय झालं?” साहेब मागून ओरडले.

पंचांनी हात वर केला. बाद.

त्यानंतर सभागृहात काय झालं ते सांगणं कठीण. चिमाबाई नाचल्या एवढं नक्की. लाइनवरच्या बायांनी सरिताला उचलली, सुकदेवनं इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, जयवंतरावांनी पेढे मागवले. हृषीकेश साहेब टीव्ही धरून उभेच होते, घामानं निथळत, आणि डोळ्यांतून पाणी काढत हसत होते. पारितोषिक समारंभ होईपर्यंत त्यांनी टीव्ही सोडला नाही. कप उचलताना जुईनं एकदा सरळ कॅमेऱ्यात बघितलं. ढोपर फुटलेलं होतं. सरिताचा हात आपोआप पुढे झाला आणि पडद्यावरच्या त्या ढोपराला लागला, एवढ्या जवळ बसली होती ती.

तासाभरानं फोन आला. पलीकडे पोरींचा कल्ला, त्यातून जुईचा दमलेला, बसलेला आवाज.

“आई, बघितलंस?”

“बघितलं,” सरिता म्हणाली. “पहिल्या रांगेत बसून बघितलं.”